सापडलं, धन्यवाद

कॉम्प्युटरवाल्यांच्या फोरमवरच्या त्या लोकांना एकदा समोर उभं करून विचारायचंय मला, आयांनी तुम्हाला असंच बोलायला शिकवलं का रे? मी बापडी साधा प्रश्न टाकते, तर एक म्हणतो, "आधी डॉक्युमेंटेशन वाचा." दुसरा म्हणतो, "हा प्रश्न पूर्वी विचारलेला आहे," आणि प्रश्नाला कुलूप. अरे, विचारलेला आहे ना, मग उत्तर द्या की!

डॉक्युमेंटेशनही वाचलं. कॉम्प्युटरमध्येच भरून ठेवलेली ती मदतीची पानं, वाचता वाचता डोळे फुटायची वेळ आली. मी चष्म्याच्या काचा घासणारी बाई. प्रोग्रामिंगशी माझा संबंध एवढाच की धाकट्या भावाचं पोट त्यावर चालायचं. एका पानावर लिहिलेलं, "ही त्रुटी अनपेक्षित परिस्थितीत उद्भवते." वा रे शहाण्या! अपेक्षित असती तर मी तुझ्या दारात कशाला आले असते?

आईला झटका आला तेव्हा तिचं अर्धं अंग गेलं आणि वाचाही गेली. छोट्याने, म्हणजे माझ्या या भावाने, मिशा आल्या तरी आम्ही त्याला छोट्याच म्हणायचो, तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चित्रं, चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो. आणि आवाज कुणा परक्या बाईचा नाही, आईचाच. परगावी नोकरीला असताना तो तिचे फोन रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यातलेच तुकडे कापून त्याने तिला तिचा आवाज परत दिला. त्यामुळे ती "दूध" म्हणाली तरी छोट्याशीच बोलतेय असं वाटायचं. मला जरा रागच यायचा त्याचा.

मग छोट्या तापाने हॉस्पिटलात पडला, आणि त्याच दिवसांत कॉम्प्युटरने आपणहून स्वतःला नवीन करून घेतलं. प्रोग्राम बंद. पडद्यावर नुसती एक लाल ओळ, आवाजाच्या फाइली सापडत नाहीत म्हणून. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, तू कशाला हात लावू नकोस. मी घरी आलो की बघतो." तो घरी आलाच नाही.

आईला मीच सांगितलं. तिने तोंड उघडलं आणि नुसता "अं" बाहेर आला. पोटचा पोरगा गेला आणि तिला त्याचं नाव घेऊन रडताही येईना. त्यानंतर ती रोज त्या पडद्यापाशी बसायची, लाल ओळीवर बोट ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी पाणी आणायचे, गोळी आणायचे, उशी आणायचे. ती मान हलवायची.

शेवटी ती लाल ओळ अक्षर न् अक्षर टाकून शोधली, तर एक कधीचा जुना प्रश्न वर आला. तीच ओळ, तेच रडगाणं. विचारणाऱ्याचं नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. छोट्या! प्रोग्राम लिहिताना तोही इथेच अडला होता. खाली त्यानेच लिहिलं होतं, "सापडलं, धन्यवाद." बस. काय सापडलं, कुठे सापडलं, काही नाही. त्याखाली लोकांची रांग. "अहो, काय सापडलं ते सांगा की!" "आम्हीही इथेच अडकलोय." आणि एक खवट माणूस, "असल्यांना फोरमवर घेऊच नये."

मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. लहानपणापासून हा असाच, अर्धं सांगायचं आणि चपला घालून पसार. "अरे मे..." एरवी त्याच्यासाठी सहज तोंडात यायचा तो शब्द, आज ओठांवरच अडला.

मी खाली लिहिलं, "हा माझा धाकटा भाऊ. तो आता उत्तर देऊ शकणार नाही. त्या फाइलींत आमच्या आईचा आवाज आहे. कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून सांगा."

उत्तर दिलं ते त्या खवट माणसानेच. "ताई, चुकलं माझं," म्हणाला. मग लहान पोराला गिरवायला शिकवावं तसं शिकवलं. फाइली जागच्या जागी आहेत, नवीन झाल्यावर कॉम्प्युटर प्रोग्रामला तिथे जाऊ देत नाहीये, परवानगी अमुक ठिकाणी द्यायची. मी दोनदा घोळ घातला, पण बिचारा चिडला नाही.

लाल ओळ गेली, चित्रं आली. मी आईला पडद्यासमोर बसवलं आणि शेजारी टेकले. म्हटलं, आता काय हवं ते माग बाई.

तिने चित्रांमधल्या छोट्याच्या फोटोवर बोट ठेवलं.

"छोट्या!" आईचा जुना, खणखणीत आवाज. फोनवर हाक मारायची तसाच.

ती थांबली. पलीकडून कुणी ओ द्यायला लागेल तेवढा वेळ थांबली. मग बोट सरकत सरकत बिछान्याच्या चित्रावर गेलं. झोप आली की ती दाबायची ते चित्र.

"झोप हं आता, राजा. खूप उशीर झाला."

मग आईने तिच्या चांगल्या हाताने माझा हात घट्ट धरला आणि रडली.