हिरवे चौकोन

वैष्णवीला त्या बाणांचा आता वीट आला होता. तीन आठवडे झाले, रोज सकाळी नाशिकच्या त्या शेती-सल्ला कंपनीच्या थंडगार ऑफिसात येऊन ती संगणक उघडायची आणि पडद्यावर तेच चित्र यायचं. गोल आणि बाण. एका गोलात पाऊस, एकात दव, एकात फवारणी, आणि सगळ्यांचे बाण जाऊन भिडायचे खालच्या मोठ्या गोलाला. त्या गोलात लिहिलं होतं: डावणी. द्राक्षाच्या पानावर पडणारा रोग. फुलोऱ्यात घडात शिरला की हंगाम गेलाच म्हणायचा.

बाण कुठून कुठे जाणार हे माणसानं ठरवायचं आणि कुठल्या बाणात किती जोर आहे हे ते सॉफ्टवेअर शेतकऱ्यांनी ॲपवर केलेल्या नोंदींवरून काढायचं. पावसाचा बाण चांगला मनगटाएवढा जाड. दवाचाही बरा. फवारणीचा मात्र केसासारखा. म्हणजे औषध मारा नाहीतर मारू नका, डावणीला काही फरक पडत नाही! वैष्णवी निफाडच्या बागायतदाराची मुलगी, औषधाच्या वासातच वाढलेली. तिला हे पटेना. रोग दिसल्यावरच लोक फवारतात, म्हणून हे असं उलटं दिसतंय का, तेही तिनं वेगळं काढून पाहिलं. बाण काही जाड होईना.

तिच्या साहेबांना, विश्वेशसरांना, तो बारीक बाण फार आवडला होता. कमी औषध म्हणजे द्राक्षांचं परदेशी गिऱ्हाईक खूश. त्यांनी कालच चाळीस बागांना चाचणी म्हणून निरोप पाठवला होता: 'फुलोऱ्यात फवारणी थांबवा.' आज चार वाजता तोच निरोप चार हजार बागांना जायचा होता आणि पाठवायचं काम वैष्णवीकडे होतं. बाहेर दोन दिवस आभाळ आलेलं होतं.

"गणित तुझं आणि शंकाही तुझीच," सर म्हणाले. "नोंदींत चूक दाखव, थांबवतो. नुसतं पटत नाही म्हणू नकोस."

चूक शोधायची म्हणजे सगळ्या नोंदी पुन्हा चाळणं आलं. डोळे चुरचुरत होते, डबा तसाच पडला होता. एकेक बाग पाहता पाहता तिनं नानांची बाग उघडली. नाना म्हणजे तिचे वडील, खंडेराव. तीन वर्षांत त्यांनी ॲपवरची एकही सूचना चुकवली नव्हती. सूचना आली की फोन दर तासाला वाजायचा. त्याप्रमाणे करून 'फवारणी केली' दाबलं की गावाच्या नकाशात त्या बागेचा चौकोन हिरवा व्हायचा, नाहीतर लाल, आणि तो साऱ्या गावाला दिसायचा. ही युक्ती वैष्णवीचीच. तिचं तेव्हा फार कौतुक झालं होतं.

गेल्या वर्षीच्या एका नोंदीवर ती अडखळली. 'फवारणी केली, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.' त्या दिवशी त्या वेळी सिन्नरला चुलतबहिणीच्या लग्नात नाना तिच्या शेजारीच पंगतीत बसले होते. फोन वाजला, नानांनी डाव्या हातानं तो खिशातून काढला, काहीतरी दाबलं आणि जिलेबीवाल्याला हाक मारली. हे सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

तिनं फोन लावला.

"नाना, खरं सांगा. ॲपवर फवारणी केली म्हणून दाबता, तेव्हा खरंच केलेली असते का?"

"कधी कधी. मी पान पाहून माझ्या अंदाजानं मारतो गं. पण ते लय वाजतं, माय. दाबल्याबिगर गपच होत नाय."

"आणि बाकीचे?"

"सगळेच दाबतात. शेजारचा बहिरू तर चहाच्या आधीच दाबून मोकळा. अन् आपला चौकोन लाल दिसला असता, तर गाव काय म्हणलं असतं? पोरीचं तिचा बापच ऐकत नाय."

वैष्णवीला आधी वडिलांचा राग आला आणि मागोमाग स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं ते सॉफ्टवेअर इमानदारीनं शिकत होतं, आणि शिकत काय होतं, तर माणसं फोन गप कसा करतात ते.

"पण कालचं ऐकलं हां मी," नाना उत्साहानं म्हणाले. "फवारू नका म्हणून आला ना तुझा निरोप? ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडलेला होता, सोडून ठेवला. म्हणलं, पोरगी तीन वर्षं जीव तोडून सांगते, एकदा तरी खरं ऐकावं."

"आज पानं पाहिलीत?"

"पाहिली ना. मागच्या बाजूनं पांढरं बुरशीसारखं दिसतंय जरासं. पण तू म्हणली म्हणून..."

"नाना, ब्लोअर जोडा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, मग लाल दिसंल ना."

"दिसू द्या."

ती उठून सरांकडे गेली आणि निरोप थांबवते आहे म्हणून सांगितलं. सगळं ऐकून ते खुर्चीत मागे रेलले. "चार हजार लोकांनी खोटं दाबलं?"

"मी दाबायला लावलं, सर."

"आणि तीन वर्षांचं काम?"

"पुन्हा करावं लागेल." सरांनी खिडकीबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी हातानंच 'जा, थांबव' अशी खूण केली.

चाचणीच्या चाळीस बागांची यादी घेऊन ती फोन करत बसली. पान पाहा, तुमचं तुम्ही ठरवा, आमचा निरोप चुकला. निम्म्यांनी उचललाच नाही, दोघांनी झापलं. पाचच्या सुमाराला पडद्यावरचा नकाशा हलला. निफाडकडच्या तिच्या गावातल्या हिरव्या चौकोनांच्या रांगेत एक चौकोन लाल झाला. नानांचा. निरोप मोडून त्यांनी बाग फवारली होती आणि तसं दाबलंही होतं. फवारणी वेळेत झाली का, हे आता आठ दिवसांनी घडच सांगणार होते.

तीन वर्षांत नानांनी पाठवलेली ही पहिली नोंद होती, जी खरी आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले आणि यादीतला पुढचा नंबर लावला.