गुनवोरच्या दोरीवरची तबकडी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी तबकडी आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्या पिवळ्या बोयाबद्दल माझ्या तोंडून काही वावगे निघाले तर तुम्ही समजून घ्याल.

फिनलंडच्या किनाऱ्यासमोर लहानमोठ्या बेटांची दाटी आहे. त्यातल्या ग्रिमशेर बेटावर माझा जन्म झाला. हेलमर नावाच्या कोळ्याने एका मोडक्या फ्रीजच्या दारातून मला गोल कापले, मधोमध भोक पाडले, होडीला देतात त्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि खाली जाळ्याचे शिसे बांधले. मग शेजारच्या गुनवोरच्या हातात मला देत तो म्हणाला, "घे. फक्त ताट समजून हिच्यात बटाटे वाढू नकोस म्हणजे मिळवली."

माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. दिसेनासे होणे, हेच माझे काम. गुनवोर मला गाठी मारलेल्या दोरीने खाडीत सोडायची आणि होडीच्या सावलीच्या बाजूने वाकून पाहत राहायची. मी नजरेआड झाले की ती दोरीच्या किती गाठी पाण्यात गेल्या ते मोजायची. जितक्या गाठी जास्त, तितके पाणी स्वच्छ. मला पाण्यात शोधणारे तिचे ते निळे डोळे मी खालून बघत असे. इतक्या मायेने कुणी कुणाला शोधत असेल असे मला वाटत नाही.

त्या काळी आमची खाडी, इथे दर गुरुवारी करतात त्या वाटाण्याच्या सूपासारखी हिरवीगार झाली होती. मुलांना पोहायची बंदी होती आणि जाळ्यात माशांऐवजी शेवाळ येत होते. मग गावाने कंबर कसली. शेतकऱ्यांनी खत पाण्यात वाहू नये म्हणून किनाऱ्यालगत गवताचे पट्टे राखले. घरोघरी सांडपाण्याच्या टाक्या बांधल्या. म्हातारेकोतारेसुद्धा दाताळी घेऊन शेवाळ ओढायला उतरले. हळूहळू माझ्या गाठी वाढू लागल्या. ऑगस्टमध्ये गावची झिंग्यांची मेजवानी असते. तिथे गुनवोर बाकावर उभी राहून गाठींचा आकडा सांगायची आणि सगळे गाव पेले उंचावून गाणे म्हणायचे. एका वर्षी तर मला शेपूच्या फुलांचा हार घातला होता. ते माझे वैभवाचे दिवस होते.

गावाचा एक नियम होता. मला पाण्यात शोधणारे डोळे दरवर्षी तेच हवेत, नाहीतर या वर्षीची तुलना गेल्या वर्षीशी कशी करणार? त्यामुळे गुनवोरखेरीज माझ्याकडे कुणी वाकून पाहिलेच नाही. मला हा नियम फार आवडायचा.

पुढे मासे कमी मिळू लागले, तेव्हा हेलमरने खाडीच्या तोंडाशी पिंजरे टाकून त्यात ट्राउट मासे पाळायला सुरुवात केली. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या गाठी घटल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आणखी घटल्या. धक्क्यावर माणसे जमलेली असतानाच गुनवोर तरातरा हेलमरकडे गेली.

"हेलमर, तुझे मासे खाडी घाण करताहेत."

"माझे मासे तुझ्यापेक्षा कमी खातात आणि तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

"हसू नकोस. गाठी खोटं बोलत नाहीत."

"मग मी खोटं बोलतोय?" हेलमरचा आवाज चढला. "त्या तबकडीला जन्माला मी घातलंय, गुनवोर!"

त्या शनिवारपासून दोघांचे एका सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसणे बंद झाले. तीस-चाळीस वर्षांचा शेजार होता तो.

अशा वेळी पंचायतीची चिटणीस डीसा हिने तो पाण्यावर तरंगणारा बोया आणला. पिवळाधमक. डोक्यावर सूर्यावर चालणारी पाटी, पोटात यंत्र, आणि पाण्याची सगळी खबर थेट डीसाच्या फोनवर. शाळेतल्या मुलांनी मतदान घेऊन एका पिवळ्या पाखरावरून त्याचे नाव 'कॅनरी' ठेवले. मित्रांनो, मी इतकी वर्षे राबले, पण मला कुणी नाव दिले नाही. येणाजाणाऱ्या होड्यांतून मुले त्याला हात करायची. मी होडीच्या तळाशी ओल्या दोरीखाली पडून ते पाहायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. हा कधी बुडत नाही, याला कधी कुणी शोधत नाही, मग याचे एवढे कौतुक कशाला?

त्यात तो म्हणत होता की पाणी चांगले स्वच्छ आहे.

"यंत्र आहे, बिघडलं असेल," गुनवोर म्हणाली. मला अस्सा आनंद झाला! ती माझ्या बाजूने होती.

पण ऑगस्टमध्ये हेलमरच्या पिंजऱ्यांचा परवाना संपत होता. मेजवानीच्या आधी गावाची सभा भरणार आणि गाव सांगेल तसेच पुढे होणार. गुनवोरचा शब्द गावात कुणी मोडत नसे. ती नाही म्हणाली असती तर हेलमरला पिंजरे उचलून मुख्य भूमीवर लेकीच्या घरी जावे लागले असते. समुद्राशिवाय तो माणूस किती दिवस काढणार होता? गाठी आणि बोया यांचे जमत नाही म्हणून गावाने ठरवले की या वेळी मोजणीला डीसाने साक्षीला जावे.

सभेच्या दिवशी सकाळी पाणी अगदी शांत होते. डीसाने वल्ही धरली. गुनवोरने मला हळूच सोडले. मी खाली जाऊ लागले, आणि वरून एकाऐवजी दोन चेहरे माझ्याकडे वाकलेले दिसले.

"गेली," गुनवोर म्हणाली. "मोज गाठी."

"कुठे गेली, मावशी? ती काय, दिसतेय की."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"खरंच सांगते. तुम्ही सोडा अजून."

दोरी पुन्हा सैल झाली. मी आणखी खाली गेले. गुनवोरचे डोळे मला पाण्यात शोधत होते, माझ्या अंगावरून फिरत होते, आणि मी त्यांना सापडत नव्हते. मी तिथेच होते हो! मला हाक मारता येत असती तर मी ओरडले असते. आणि ती काल आलेली पोर, त्या पिवळ्याची कैवारी, मला सहज पाहत होती. माझे दुःख कुणाला सांगू?

मला वर ओढल्यावर डीसाने मांडीवर घेऊन निरखले. "मावशी, हिला रंग कधी दिला होता? किती पिवळी पडलीये."

"पिवळी?" गुनवोर हसली. "डोळे फुटले का तुझे? पांढरीशुभ्र आहे ती."

डीसाने आपला पांढरा रुमाल काढून माझ्यावर ठेवला. गुनवोरने वाकून पाहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले.

"मला दोन्ही सारखेच दिसतायत," ती हळू आवाजात म्हणाली.

तिने रुमालाची घडी घालून तो डीसाला परत दिला. मग गुनवोर म्हणाली, "सभेत मीच सांगेन. तू मध्ये बोलू नकोस."

सभागृहात गाव खच्चून भरले होते. हेलमर शेवटच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता. गुनवोर मला काखेत धरून उभी राहिली.

"खाडीचं पाणी स्वच्छ आहे," ती म्हणाली. "मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत आहे. हेलमरच्या माशांचा काही दोष नाही. मी त्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले, तर माफीही सगळ्यांसमोरच मागते."

मागून हेलमरचा घोगरा आवाज आला, "गेल्या वर्षी सौनातून माझा टॉवेल गुंडाळून घरी गेलीस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सगळे हसले. गुनवोरही हसली, आणि मग खाली बसून तोंड झाकून रडली. हेलमर उठून तिच्या शेजारी येऊन बसला.

परवाना मिळाला. हिवाळ्यात गुनवोरच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि हेलमरने मला नवा रंग दिला. आता गावाचा नियम बदलला आहे. दोघांनी वाकून पाहायचे आणि बोयाचा आकडाही सोबत धरायचा. पहिल्या मोजणीला जाताना गुनवोरने वाटेत होडी थांबवली आणि त्या कॅनरीवरची पाखरांची घाण स्वतःच्या बाहीने पुसली. "तुझं खरं होतं हं," असे म्हणून त्याला थोपटलेसुद्धा! मला ते बघवले नाही. अजूनही आठवले की पोटात दुखते.

तरी एक सांगते, मित्रांनो. तुमच्या गावातही नदीची, समुद्राची राखण करणारे कुणीतरी असेल. त्यांचा शब्द जरूर माना, त्यांना हारही घाला. पण अधूनमधून त्यांच्या शेजारी जाऊन वाका, आणि तुम्हाला नीट दिसते ना, असे मायेने विचारा. गुनवोर दोन उन्हाळे होडीत एकटी बसून "दिसत नाही, दिसत नाही" म्हणत होती, आणि आम्ही सगळे पाण्याकडेच बघत राहिलो.