डाव्या गुडघ्याची खुर्ची

२००४ सालची गोष्ट. त्या वर्षी उत्तराबाई सहा महिने मुलाकडे अमेरिकेत सांता क्लाराला राहायला गेल्या, आणि तिथं पाऊल ठेवल्यावर त्यांचं पहिलं भांडण झालं ते सोफ्याशी. गुरुनाथनं घेतलेला सोफा पांढऱ्या कातड्याचा होता. दिसायला देखणा, बसायला दीडशहाणा. पाय सोडले तर जमिनीला टेकत नसत, मांडी घातली तर माणूस घसरत घसरत कडेला येई. खाली गालिच्यावर बसावं, तर डावा गुडघा पुन्हा उठू देत नसे. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर उभं राहून शिकवल्याचं ते बक्षीस होतं.

"आई, इटालियन डिझायनरचा पीस आहे हा," गुरुनाथ म्हणाला.

"त्या डिझायनरला आई नसेल," उत्तराबाई म्हणाल्या.

त्यांची सून शुभा खुदकन हसली. शुभानं पुण्यात फर्निचर डिझाइनचं शिक्षण घेतलं होतं, पण लग्न होऊन इथं आल्यापासून ती घरीच होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीधंदा करायची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरली आणि म्हणाली, "आई, बसा. अगदी तुमची नेहमीची मांडी घाला." मग जाड पेनानं तिनं त्या मांडीभोवती रेघ ओढली. डावा गुडघा नीट दुमडत नव्हता, बाहेर राहत होता. त्यामुळे आकृती एका अंगाला फुगली, तळताना कानवला फुगतो तशी.

त्या आकृतीवरून शुभानं गॅरेजमध्ये खुर्ची केली. बुटकी, ऐसपैस. डावीकडे हात नाही, बैठक तशीच बाहेर आलेली. उजवीकडे मात्र भक्कम हात, उठताना जोर द्यायला. उत्तराबाई तिच्यावर बसल्या आणि उठायचं विसरल्या. नागपूरला दिवाणावर डाळ निवडत, शेजारणींशी बोलत दुपार कशी सरायची, तशी ती दुपार सरली. परमुलखात पहिल्यांदाच त्यांना आपलं अंग कुणाला अडचण वाटत नाही असं वाटलं.

मग कादंबरी आली. ही गुरुनाथच्या साहेबाची, संग्रामची बायको. तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं होतं आणि घरसजावटीचं तिचं झकपक दुकान होतं. हळदीकुंकवाला आली, खुर्चीवर बसली आणि ओरडलीच.

"शुभा, यार, कसलं भारी आहे हे! काकू, फोटोला दोन दिवस नेऊ का? लगेच रिटर्न करते."

खुर्ची गेली ती गेलीच. परत आली ती रविवारच्या पुरवणीत, छापून. खुर्चीवर कादंबरी, खाली नाव कादंबरीचं. मागणी एवढी आली की दुकानात खास समारंभ ठरला. वर तिचा फोन: शुभानं याच धर्तीवर टेबल आणि दिवाणाची ड्रॉइंग्ज काढून द्यावीत.

शुभानं ती पुरवणी पाहिली, मुकाट घडी केली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा.

उत्तराबाईंनी मुलाला धरलं. "तुझ्या बायकोची वस्तू आहे ती. फोन कर आणि सांग तिला."

"आई, तुला कळत नाही इथलं. शुभाला काम करायची परमिशन नाहीये. तिनं केली म्हटलं की माझं ग्रीन कार्ड गेलं. आणि संग्राम माझा बॉस आहे. एका खुर्चीसाठी सगळं रिस्क करू?"

"म्हणजे चोरी तिची, आणि तोंड लपवायचं हिनं?"

"चोरी काय गं! नाव तर कुणाचं तरी लागणारच होतं."

उत्तराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या शाळेत दरवर्षी प्रदर्शन भरे. मुलांकडून सगळं करून घ्यायच्या उत्तराबाई, आणि शाल-नारळ हेडमास्तरांना. टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत पुन्हा उत्तराबाईच. तेव्हाही घरचे हेच म्हणत, नाव कुणाचं तरी लागणारच.

"आई, जाऊ द्या ना," शुभा म्हणाली. "मी काही बोलले का?"

"तू बोलली नाहीस, त्याचाच तर राग आलाय मला."

समारंभाला जावंच लागलं, साहेबाच्या बायकोचा होता. दुकानात उंच चौथऱ्यावर खुर्ची ठेवली होती, वरून दिव्यांचा झोत. सिल्कची साडी नेसून कादंबरी गोऱ्या पाहुण्यांना सांगत होती, की हा एका बाजूला झुकलेला आकार हिमालयावर उगवलेल्या अर्धचंद्रावरून सुचला. कादंबरी डोंबिवलीची. हिमालय तिनं पाहिला असेल तर कॅलेंडरवर.

उत्तराबाईंनी चपला काढल्या आणि त्या चौथऱ्यावर चढल्या.

"काकू, काकू, प्लीज, बसायचं नाहीये त्यावर!"

"का? खुर्चीच आहे ना?" म्हणत त्या बसल्या. मांडी घातली. डावा गुडघा त्या फुगलेल्या जागेत अलगद जाऊन बसला. मग शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत त्या म्हणाल्या, "हा तुमचा चंद्र म्हणजे माझा दुखरा गुडघा आहे. ही खुर्ची माझ्यासाठी माझ्या सुनेनं केली. ती बघा, मागे उभी आहे."

एक म्हातारी अमेरिकन बाई वळली आणि तिनं शुभाला सरळच विचारलं, "तू केलीस ही?"

शुभानं गुरुनाथकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्यानं मान वर केली असती, नुसती हलवली असती, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

"हो," शुभा म्हणाली. "मी केली. आमच्या गॅरेजमध्ये. आणि टेबलाची, दिवाणाची ड्रॉइंग्ज मी देणार नाही, कादंबरी."

"आपण घरी बोलू या का यावर?" कादंबरी कुजबुजली.

"घरी येऊनच तर नेलीत," उत्तराबाई वरूनच म्हणाल्या.

ज्याला गुरुनाथ एवढा भ्यायला होता, तो कुणी सरकारी माणूस कधीच आला नाही. घाबरून त्यानं वकिलाला विचारलं, तेव्हा वकील हसला. स्वतःच्या सासूसाठी फुकट खुर्ची केली, यात नोकरी कुठली? हे विचारायला एक फोन पुरला असता. तो करायचं त्याच्या मनात आलं नव्हतं, आणि ही गोष्ट दोघी बायका त्याला विसरू देणार नव्हत्या.

संग्रामनं पुढल्याच महिन्यात गुरुनाथला दुसऱ्या टीममध्ये ढकललं. कादंबरी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतून वर्षभर 'गैरसमज झाला' असं सांगत फिरली. पुढे घरांचे भाव कोसळले, लोकांनी फर्निचर घेणं थांबवलं आणि २००८ मध्ये दुकान बंद झालं. ती आणि संग्राम टेक्सासमधल्या अर्विंगला गेले.

ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाल्यावर शुभाला २००७ च्या शेवटी काम करायचा परवाना मिळाला. सॅन होजेच्या एका छोट्या कारखान्यात ती म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या करते, आणि प्रत्येक खुर्चीवर तिचं नाव असतं. गुरुनाथचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. पार्ट्यांमध्ये तो 'माय वाइफ इज अ डिझायनर' असं सांगतो म्हणे.

उत्तराबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या नाहीत. गुरुनाथ दर रविवारी फोन करतो. त्या त्याची खुशालीसुद्धा विचारत नाहीत. "शुभाला दे," म्हणतात.