तिघांची खुर्ची

मित्रांनो, गोदामाच्या कोपऱ्यात पडलेली मी एक जुनी चाकांची खुर्ची. माझ्यासारखी दुसरी झालीच नाही.

तीन कारखान्यांनी मिळून मला घडवलं. एकाने सांगाडा जोडला, दुसऱ्याने चाकं दिली, तिसऱ्याने मोटर. सुरुवातीला काही केल्या जमेना. चाकं सांगाड्याला घासत, मोटर तिच्या जागी मावत नसे. मग तिन्हीकडची माणसं एकाच टेबलाशी बसू लागली. भांडायची, पुन्हा एकमेकांच्या डब्यातलं खायची. असं करता करता मी उभी राहिले.

चाचणीसाठी सांगाड्याच्या वेल्डरने आपल्या थोरल्या बहिणीला आणलं. ताईंचे पाय लहानपणीच गेले होते. त्यांनी बटण दाबलं आणि मी हळूच निघाले. दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "पुरे रे, किती ढकलशील?"

"मी कुठे ढकलतोय, ताई? मी तर इथे टेबलाशी उभा आहे!"

त्यांनी वळून पाहिलं. आधी हसल्या, मग रडल्या. मोटरवाल्या बाईंनी माझी पाठ थोपटली.

त्याच पाठीवर नाव कुणाचं घालायचं, यावरून मालकांचं बिनसलं. कुणीच माघार घेईना. करार मोडला. माझ्यासारख्या शेकडो निघायच्या होत्या, एकही निघाली नाही.

वेल्डरने मला ताईंसाठी मागितलं. "आमची हरकत नाही, पण बाकीच्या दोघांना विचार," असं तिघंही म्हणाले. खेटे घालून बिचाऱ्याच्या चपला झिजल्या. भागीचं घोडं किवणाने मेलं म्हणतात, तशी माझी गत झाली. बॅटरी संपली, चाकं बसली. दिवसचे दिवस माणसाचा आवाज कानी पडत नसे.

शेवटी गोदामवाल्याची विनवणी करून वेल्डर ताईंना पाठुंगळी घेऊन आला. त्यांनी रुमालाने माझी धूळ पुसली, बसल्या, बटण दाबलं. मी जागची हलले नाही. माझ्या जिवाला काय वाटलं म्हणून सांगू!

"राहू दे," ताई हळूच म्हणाल्या. "दमलीय ती. चल, घरी जाऊ."

त्यानंतर कुणी आलं नाही.

मित्रांनो, मिळून काही घडवता आलं तर जरूर घडवा. एकट्या कुणाच्या हातून मी झालेच नसते. पण घडवल्यावर तुमच्यातल्या एकाने तरी पुढे होऊन म्हणावं, "हिची काळजी मी घेईन." सगळ्यांची असून कुणाचीच नसणं फार जड जातं हो.