दिव्यावरची पट्टी

मास्तरांनी हातात कात्री धरून चाळीस वर्षं काढली होती. गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून आत आलं की त्याचा खांदा किती इंचांचा, हे ते टेप न लावताच सांगायचे. पण त्या रविवारी दुपारी एक काळा पडदा त्यांच्यासमोर मख्खपणे उभा होता आणि त्याच्यापुढे मास्तरांनी हात टेकले होते.

पलंगाच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर छोटा लॅपटॉप आणि शेजारी भलामोठा मॉनिटर. दोन्ही वस्तू लेकीच्या. समुद्रापलीकडे नोकरी लागली तेव्हा ती त्या मागे ठेवून गेली होती. मग दर रविवारी मास्तर आणि त्यांची बायको पलंगाच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसायची आणि मोठ्या पडद्यावर लेकीला डोळे भरून बघायची. पुढे लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको चार महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली. त्या चार महिन्यांचे चौदा झाले होते. पलंगाच्या कडेला आता मास्तर एकटेच बसत, आणि तेसुद्धा एका बाजूला सरकून, शेजारी जागा सोडून.

आज मात्र जीव टांगणीला लागला होता. बायकोचा तिकडचा मुक्काम आणखी सहा महिने वाढवायचा अर्ज लेक संध्याकाळी पाठवणार होती. लेक म्हणे, "आई म्हणते, बाबा सांगतील तसं." मास्तरांनी बायकोला विचारलं तर ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." आता या बाईंच्या 'तुम्ही म्हणाल तसं'चा अर्थ शब्दांत नसतो, चेहऱ्यावर असतो. डावी भुवई जरा वर गेली तर साफ नकार. खालचा ओठ आत गेला तर मनातून हवंय पण मागणार नाही. लॅपटॉपच्या तेवढ्याशा चौकटीत मास्तरांच्या डोळ्यांना भुवई सोडाच, नाकसुद्धा नीट दिसत नसे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, आज मोठ्या पडद्यावर तिला विचारायचं, "राहायचंय तुला की यायचंय?" आणि उत्तर ऐकायचं नाही, बघायचं.

त्यासाठी सकाळीच त्यांनी मऊ फडकं घेऊन मॉनिटर पुसला होता. वरून, खालून, कडांवरून, अगदी खालच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता त्याच्यावरूनसुद्धा. आणि नेमका आजच लॅपटॉप म्हणत होता, दुसरा पडदा सापडत नाही.

शेवटी त्यांनी फोन लावला.

"अगं, तो मोठा पडदा रुसलाय."

"रुसायला तो काय माणूस आहे?" पलीकडून बायको म्हणाली. "मग लॅपटॉपवरच बोला की. दिसते तेवढी दिसते."

"नाही. मोठ्यावरच."

"हट्ट बघा म्हाताऱ्याचा! बरं. वही घ्या."

बायकोने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधण्याचं काम केलं होतं. घरात फ्यूज उडाला की मास्तर मेणबत्ती धरायचे आणि ती दुरुस्त करायची. कामाची वाटणीच तशी होती. तिची शिस्त कडक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललं की लिहून ठेवायचं. हाताखाली आलेल्या नव्या मुलींना तर ती पहिल्याच दिवशी दम द्यायची, "आधी वीज आहे का बघा, मग अक्कल पाजळा." हे वाक्य मास्तरांनी जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते त्यांच्या कानांवरून नुसतं घरंगळत जाई.

मास्तरांनी मापांची जुनी वही काढली. कुणाच्या तरी कंबरेच्या मापाखाली लिहिलं, 'एक'.

"मॉनिटरच्या मागची वायर काढा आणि पुन्हा घट्ट लावा. वाका जरा. काय दिसतंय मागे?"

"जाळं. धूळ. आणि तुझी केसांची पिन."

"कुठली?"

"तपकिरी. एक टोक तुटलेली."

"अगंबाई, तिथे पडली होय! उचलून ठेवा."

वायर काढली, लावली. पडदा काळाच. मास्तरांनी 'एक'पुढे फुली मारली.

"आता लॅपटॉपकडचं टोक. तिथे शेजारी तशीच दुसरी खाच असेल तर त्यात लावा."

"एकच आहे."

"मग तीच काढून लावा. कसला आवाज येतोय हो? खिडकी उघडी आहे का?"

"समोरच्या इमारतीला रंग देताहेत."

"कुठला?"

"पिवळा. तुला मुळीच आवडणार नाही."

"किती पिवळा?"

रंग किती पिवळा आहे याचा पडद्याशी काय संबंध, हे मास्तरांना कळेना. पण एक्स्चेंजच्या कामात असेल काही पद्धत, असं समजून त्यांनी खिडकीशी जाऊन नीट पाहिलं आणि सांगितलं, "आपल्या जुन्या पडद्यांच्या अस्तराएवढा."

"ई," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं ऐकून मास्तर क्षणभर बिघाड विसरले.

तिसरी पायरी, लॅपटॉप बंद करून चालू करणं. तो चालू होईस्तोवर तिने विचारलं की शिलाई मशीन कुठे ठेवलंय, त्यावर आच्छादन घातलंय का, गच्चीच्या दाराची कडी अजून अडकते का, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी अजून जिन्यात थांबून सगळ्यांना गुडघ्यांचं पुराण ऐकवते का. मास्तरांनी एकेकाचं साग्रसंगीत उत्तर दिलं. चौथ्या पायरीला तिने दोन कळा एकदम दाबायला लावल्या, मग समोर आलेल्या यादीतून 'दोन्ही पडदे' निवडायला लावलं. पाचव्या पायरीला सेटिंगमध्ये जाऊन 'शोधा' असं बटण होतं. मास्तरांनी ते दाबलं. लॅपटॉपने शोधलं आणि हात वर केले.

"घोडं पेंड कुठे खातंय तेच कळत नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. घड्याळात चार वाजून गेले होते. "ती अर्ज कधी पाठवणार आहे?"

"तासाभरात. बाळाला घेऊन बाहेर गेली आहे, आली की." ती मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "अहो, मॉनिटरचा दिवा लागलाय का?"

"कुठला दिवा?"

"खाली उजव्या कोपऱ्यात. काळ्या पट्टीखाली."

मास्तरांनी तो कोपरा पाहिला आणि त्यांना आठवलं. ती पट्टी तिनेच लावली होती. अंथरुणावर पडलं की तो टिचभर दिवा बरोबर तिच्या डोळ्यांवर यायचा आणि तिला झोप लागायची नाही. तेव्हापासून त्या मॉनिटरचा दिवा कुणी पाहिलाच नव्हता. मास्तरांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ती सोलून काढली. खाली अंधार. दिव्याशेजारी बारकं बटण होतं. सकाळी कौतुकाने कोपरा पुसताना त्यांच्याच अंगठ्याने ते दाबलं गेलं होतं.

"बंद आहे," ते म्हणाले. "मीच बंद केला, पुसताना." आणि मग कानांवरून कितीदा तरी घरंगळून गेलेलं ते वाक्य त्यांच्या डोक्यात एकदम उभं राहिलं. "अगं, पण तू तर सगळ्यांना आधी वीज बघायला लावायचीस."

त्यांनी वहीतल्या फुल्यांकडे पाहिलं.

"मला का नाही लावलंस?"

"लावलं असतं तर तुम्ही पहिल्या मिनिटाला बटण दाबलं असतं," ती म्हणाली. "मग पडद्यासमोर बसून 'जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो'. चौदा महिने तेच चाललंय. आज म्हटलं, जरा घरभर हिंडून घ्यावं."

मास्तरांचं बोट बटणावर होतं. दाबलं की ती समोर दिसणार होती, भुवई, ओठ, सगळं. त्यासाठीच तर सकाळपासून आटापिटा चालला होता. पण त्यांनी बोट मागे घेतलं. भुवई बघून विचारायचं म्हणजे उत्तर आधी बघायचं आणि मग त्याला साजेसं बोलायचं. गिऱ्हाइकाचं मन राखत चाळीस वर्षं तेच तर केलं होतं.

"ऐक," ते म्हणाले. "मला सहा महिने नको आहेत. लेकीला गरज असेल, बाळ लहान आहे, मला सगळं कळतं. पण मला इथे करमत नाही. दोन माणसांचा चहा टाकतो आणि एक कप तसाच गार होतो. तू परत ये."

समोरच्या इमारतीवर रंगाऱ्याने शिडी सरकवल्याचा आवाज आला. आपण जास्त मागितलं की काय, असं मास्तरांना वाटलं.

"दाबा बटण," ती शेवटी म्हणाली.

मास्तरांनी बटण दाबलं. कोपऱ्यात निळा ठिपका उजळला.

"लागला का दिवा?"

"लागला."

"ती पट्टी फेकलीत की काय?"

"नाही. बोटाला चिकटली आहे."

"मग होती तिथेच परत लावा," ती म्हणाली. "त्या उजेडात मला झोप येत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

मास्तर दिव्यापाशी वाकले. त्यांच्या हाताची शिवण जन्मात कधी वाकडी गेली नव्हती. ती बोटभर पट्टी मात्र त्यांना तीनदा लावावी लागली, आणि तरी ती तिरकीच बसली.