अर्धा लाल, अर्धा काळा

मी लाकडाचा वाय बोलतोय. इंग्रजी मुळाक्षरांतला शेवटून दुसरा. वीतभर उंच, बोटभर जाड. माझं बोलणं गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सोलापुरात, साखरपेठेतल्या कल्लप्पा सुताराकडे झाला. सन अठ्ठावीसचा उन्हाळा होता. कल्लप्पा विणकरांचे माग दुरुस्त करायचा. एका मोडलेल्या मागाच्या सागवानी खांबातून त्याने आम्हा सव्वीस भावंडांना कापून काढलं. मुलींच्या शाळेतल्या वेणीमाधव मास्तरांनी आम्हाला करवून घेतलं होतं. मुलींनी अक्षरं हातात घेऊन शिकावं, अशी त्यांची हौस. स्वर लाल रंगवायचे, व्यंजनं काळी. पाच लाल झाले, वीस काळे झाले आणि कल्लप्पाचा कुंचला माझ्यापाशी थांबला.

"मास्तर, ह्याचं काय? लाल का काळा?"

मास्तरांबरोबर त्यांची मुलगी गोदावरी आली होती. अकरा वर्षांची, आईविना वाढलेली. तीच बोलली, "बाबा, 'स्काय' शब्दात एकही लाल अक्षर नाही. मग त्यातला स्वर कोण?"

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की माझा राग आजही त्या चेहऱ्यापाशी अडखळतो. "बरोबर विचारलंस. कल्लप्पा, हा कधी स्वर असतो, कधी नसतो. अर्धा लाल कर, अर्धा काळा."

"आसं कुटं आसतंय व्हय? मानूस आसतो की आर्दा हितं, आर्दा तितं. अक्षर न्हाय बगा!" कल्लप्पा हसला. पण त्याने मला पुढून तसंच रंगवलं. पाठ मात्र सबंध काळी ठेवली.

चार वर्षं मी वर्गातल्या फळीवर उभा होतो. मास्तरांचा वर्ग जुन्या पद्धतीचा. उत्तर बरोबर आलं की मुलगी एक जागा वर सरकायची, चुकलं की खाली. गोदू पहिल्या जागेवर बसायची. स्वतःची मुलगी म्हणून मास्तरांनी तिला कधी सवलत दिली नाही. वर्गात तीही त्यांना 'मास्तर'च म्हणायची.

मग दिपोटीसाहेबांची, म्हणजे सरकारी शाळा-तपासनिसांची, तपासणी ठरली. तपासणीच्या दिवशी जी पहिल्या जागेवर असेल, तिची हायस्कुलासाठी शिफारस होणार होती. गोदूच्या आत्याने अक्कलकोटचं स्थळ धरून ठेवलं होतं. मास्तरांनी बहिणीला एवढंच सांगितलं होतं, "शिफारस झाली तर शिकेल. नाही झाली तर तू म्हणशील तसं."

तपासणीच्या सकाळी मास्तर सर्वांच्या आधी वर्गात आले. त्यांनी मला उचललं आणि पाठ पुढे करून ठेवलं. माझा आकार असा, की पाठीमागूनही वायच दिसतो. साहेबांच्या लेखी स्वर पाचच, म्हणून आता मी सबंध काळा होतो. माझं तोंड भिंतीकडे होतं. पुढचं सगळं मी नुसतं ऐकलं. त्याचाच राग जास्त येतो.

"इंग्रजीत स्वर किती?" दिपोटीसाहेबांनी विचारलं.

"पाच, साहेब. आणि कधी कधी वाय," गोदू म्हणाली.

"कधी कधी? स्वर म्हणजे काय पाहुणा आहे, सणावारी यायला?"

हेडमास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

"साहेब, 'स्काय'मध्ये दुसरा स्वर नाही. तो वाय फिरवून बघा. पुढून अर्धा लाल आहे."

साहेबांचा आवाज मास्तरांकडे वळला.

"मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

मास्तर माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मला फिरवायचं, एवढंच काम होतं. दोन बोटांचं. मी वाट पाहिली. लाकूड वाट पाहण्यात पटाईत असतं.

"नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "गोदावरी, शेवटच्या जागेवर जा."

ती उठली. तिची पाटी बाकाला लागून वाजली. सबंध वर्ग ओलांडून जाणारी तिची पावलं मी मोजली. एकवीस होती.

शाळा सुटल्यावर ती फळीपाशी आली. तिनेच मला सरळ केलं.

"बाबा, मी चुकले का?"

"नाही गं."

"मग तिथं का नाही म्हणालात?"

मास्तर फळा पुसू लागले. तो आधीच पुसलेला होता.

वैशाखात लग्न झालं. अक्कलकोटहून ती दर महिन्याला पत्र पाठवायची. पत्र छोटं असायचं, खुशालीचं. प्रश्न एकही नसायचा. दुसऱ्या वर्षी भर वर्गात तार आली. मास्तरांनी ती वाचली आणि माझ्याच फळीवर टेकवून ठेवली. गोदावरी टायफॉइडने गेली होती. त्या इंग्रजी शब्दात दुसऱ्या जागेवर मी होतो. तिथे मी पुरता स्वर होतो, अर्धामुर्धा नव्हे. तो शब्द तपासायला कोणी दिपोटी आला नाही.

तेरावं झाल्यावर मास्तर मला घेऊन कल्लप्पाकडे गेले. "याला पुरा लाल कर."

कल्लप्पाने मला हातात घेतलं, अंगठ्याने धूळ पुसली. "आता कशापाय, मास्तर?"

त्याने मला परत दिलं. डबा उघडलाच नाही.

म्हणून मी आजही अर्धा लाल, अर्धा काळा आहे. मास्तर आता दरवर्षी वर्गात मला वर धरतात. "हाही स्वर आहे. कोणीही विचारलं तरी हेच सांगा," म्हणतात. मग मला खाली ठेवायचं विसरतात, हात तसाच वर राहतो. मुलींना वाटतं, वय झालं. मला त्या हाताची दया येते, पण मी त्याला क्षमा केलेली नाही.

तुमच्याही घरात मुलं असतील. जे चारचौघांत म्हणायची छाती नाही, ते त्यांना घरी शिकवू नका. आणि शिकवलंत, तर त्यांनी ते उभं राहून सांगितल्यावर माझ्याकडे दोन बोटं पुढे करा. तेवढ्यावर मी फिरतो. माझं वजन काहीच नाही.