पिवळे मणी

गुरुवारी शिवांजलीचे मणी पुन्हा पहिल्याच फटक्यात पिवळे आले. सर म्हणाले, "ऋतुराज, शीक जरा तिच्याकडून."

माझे मणी निळे होते.

आमचं काम अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून साखळी करण्याचं. एकाचं कार्बनचं टोक दुसऱ्याच्या नायट्रोजनला जुळतं, मधून पाण्याचा एक रेणू निघून जातो. पुस्तकात एवढंच असतं. प्रयोगशाळेत साखळी बारीक मण्यांवर वाढवतात. नव्या आम्लाच्या नायट्रोजनवर संरक्षक टोपी असते, नाहीतर ती आम्लं आपापसांतच जुळतील. टोपी काढायची, पुढचं आम्ल जोडायचं, मग चाचणी. नायट्रोजन मोकळा राहिला असेल तर मणी निळे, आम्ल नीट जुळलं तर पिवळे.

पीएच.डी.ची जागा एकच होती. सोमवारी ज्याची साखळी बरोबर निघेल, त्याची. शिवांजली वारणानगरहून बसने यायची, मी राजारामपुरीतून गाडीवर दहा मिनिटांत. तरी रोज तीच आधी. हेसुद्धा मला खुपायचं.

त्या दुपारी तिच्या टेबलाशी गेलो तर वास नव्हता. टोपी काढायच्या द्रावणाला सडक्या मासळीसारखा वास येतो. ती मात्र मणी धुवायच्या बाटलीतलंच ओतत होती. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी, बाटल्या सारख्या. म्हणजे टोप्या निघतच नव्हत्या, पुढचं काही जुळतच नव्हतं. आणि नायट्रोजन टोपीखाली झाकलेला असला तरी मणी पिवळेच दिसतात.

"काय बघतोयस? डबा आणलाय, खा की," ती म्हणाली.

मी तिची भाकरी खाल्ली आणि गप्प बसलो.

शनिवारी सर परत तिचं कौतुक करायला लागले, तेव्हा मात्र राहवलं नाही. "सर, हिच्या टोप्या गुरुवारपासून निघतच नाहीत. बाटली हुंगून बघा."

सरांनी हुंगली. मग माझ्याकडे बघितलं. "गुरुवारी कळलं, आणि आज बोलतोयस व्हय रे?"

मी माझी मण्यांची नळी उचलून हलवायला लागलो.

"शिवांजली, तुला आठवडा वाढवून देतो. पहिल्यापासून कर. ऋतुराज, तुझं सोमवारीच."

ती भांडेल असं वाटलं होतं. तिने बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. "सांगितलंस ते बरं केलंस. सोमवारी लाज गेली असती."

संध्याकाळी तिच्या टेबलावरून तो वास आला. तिचे मणी टोपी निघाल्यावर निळे झाले, जोडल्यावर पिवळे. पहिल्याच फटक्यात.

मग ती माझ्याकडे आली. "तुझे निळे का राहतात? दाखव, किती वेळ हलवतोस?"

मी नळी मुठीत झाकली.